जॅझला हवी शंभर खुर्च्यांची खोली

मुंबईत जॅझची बातमी होते ती बहुधा महोत्सवाच्या वेळी. परदेशी वादक, मोठं सभागृह, प्रायोजकांचे फलक, आणि दोन-तीन दिवसांत सगळी आवराआवर. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रे’ने सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक या शहराला समोर बसून ऐकवला, त्याचं मोल कोण नाकारेल? पण सणासुदीने संसार चालत नाही. जॅझचा संसार चालतो तो रोज रात्री उघडणाऱ्या, जेमतेम शंभर-सव्वाशे माणसं मावतील अशा खोलीत. शहरात जॅझची रात्र रंगायला हवी असेल, तर ही खोली जगवण्याची चिंता महोत्सवाच्या आधी करायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

न्यूयॉर्कमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’कडे पाहा. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये थाटलेलं हे तळघर. जिना उतरून खाली जायचं, आत १२३ जागा, बस्स. ठरलेली धून सगळे मिळून वाजवतात, मग एकेक वादक ती आपल्या पद्धतीने उलगडतो, आणि आठच्या प्रयोगात ऐकलेली धून दहाच्या प्रयोगात वेगळीच होऊन येते. बेसच्या तारेवरून घसरणारं बोट, ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशची सळसळ, वादकांनी एकमेकांना केलेले डोळ्यांचे इशारे, हे सगळं दहा-पंधरा फुटांवरूनच कळतं. आपल्या बैठकीत समेवर मान हलते, तशी इथे एकल वादन संपताच टाळी पडते, आणि पुढचा वादक ती टाळी ऐकूनच सुरुवात करतो. २५ जून १९६१ च्या रविवारी पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीने इथे वाजवलं, त्याचं ध्वनिमुद्रण जगभर ऐकलं जातं. त्यात पेल्यांची किणकिण ऐकू येते, गप्पाही ऐकू येतात. म्हणजे सगळेच श्रोते काही तल्लीन वगैरे झाले नव्हते! त्यानंतर अकराव्या दिवशी त्या त्रयीतला बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. रेकॉर्ड घरबसल्या मिळत असताना क्लबात कशाला जायचं, असं विचारणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की जॅझच्या थोर रेकॉर्डांपैकी कितीतरी अशा खोल्यांतच जन्मल्या आहेत.

अशी खोली केवळ रसिकतेवर टिकत नाही, तिला कायद्याने जागा द्यावी लागते. न्यूयॉर्कचाच इतिहास त्याचा पुरावा आहे. खाण्यापिण्याच्या ठिकाणी नाच-गाण्याला परवाना सक्तीचा करणारा तिथला ‘कॅबरे कायदा’ १९२६ सालचा. १९४० पासून १९६७ पर्यंत दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायला कलाकाराकडे पोलिसांचं कार्ड लागे. गायिका बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ मध्ये गेलं आणि ती शहरातल्या क्लबांना पारखी झाली. पियानोवादक थेलोनियस मंकचं १९५१ मध्ये गेलं, ते परत मिळायला १९५७ उजाडलं. कार्ड हाती येताच ‘फाइव्ह स्पॉट’ या साध्यासुध्या क्लबात तो सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनला घेऊन कित्येक महिने वाजवत राहिला, आणि ज्याला विक्षिप्त म्हणून बाजूला सारलं होतं त्या माणसाला ऐकायला लोकांची रीघ लागली. वादक तोच होता, रोज रात्रीची जागा तेवढी मिळाली. कायद्याचा तऱ्हेवाईकपणा इथेच संपत नाही. कॅबरे परवाना नसलेल्या हॉटेलात पियानो-गिटार चाले, पण ड्रम आणि ट्रम्पेट वर्ज्य, शिवाय तिनाहून जास्त वादक नकोत, असा नियम १९८० च्या दशकापर्यंत होता. वादकांनी न्यायालयात जाऊन तो मोडून काढला.

हे आपल्या मातीतलं नाही, मूठभर श्रीमंतांचा शौक आहे, हा आक्षेप ठरलेलाच. त्यातला दुसरा भाग निम्मा खरा आहे. पहिला मात्र साफ चूक. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक वाजवून गेले. त्यांच्याकडून शिकलेले गोव्याचे वादक हॉटेलांत जॅझ वाजवत आणि सिनेमाच्या स्टुडिओतही बसत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हा त्यांतला बिनीचा. पुणतांब्याच्या चितळकरांचा, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांचा तो साहाय्यक. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. भगवानदादांची जी पावलं आपण आजही वरातीत उचलतो, ती या साथीवर पडलेली आहेत. पुढे चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत हे वादक संध्याकाळी वाजवत. ती पिढी संपली, कारण रोजचं व्यासपीठ संपलं.

राहिला पैशाचा प्रश्न. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. तिथे संगीत हेच मुख्य आकर्षण होतं, तरी २०१६ मध्ये ते बंद झालं. आपल्याकडे संगीताचा खर्च बहुधा खाण्यापिण्याच्या बिलातून निघतो. म्हणून विद्यार्थ्याला आत जाणं परवडत नाही, आणि धंदा बसला की आधी बँडला नारळ मिळतो. व्हॅनगार्डसारख्या ठिकाणी प्रत्येक प्रयोगाचं तिकीट वेगळं असतं, वर एखादं पेय घेतलं की झालं. श्रीमंतांचा शौक म्हणून नाक मुरडण्यापेक्षा ही तिकिटाची पद्धत रुजवणं जास्त उपयोगाचं.

शेजाऱ्यांच्या झोपेचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. रात्री दहानंतर भोंगे वाजवू नयेत हा नियम हवाच. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीही बंदिस्त सभागृहांचा अपवाद केला आहे, आणि भिंती नीट बांधलेल्या खोलीतल्या त्रयीचा आवाज रस्त्यावरच्या डीजेच्या पासंगालाही पुरत नाही. आगीच्या नियमांत मात्र तसूभरही सूट नको. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सच्या आवारातल्या पबच्या आगीत १४ जण गेले, ते विसरून चालणार नाही. मागणी एवढीच, की शंभर खुर्च्यांच्या खोलीला आणि हजार माणसांच्या नाचघराला एकाच मापाने मोजू नये. छोट्या संगीतखोल्यांसाठी परवान्याचा स्वतंत्र, सोपा वर्ग करावा आणि सगळ्या परवानग्या एका खिडकीवर द्याव्यात. न्यूयॉर्कने आपला कॅबरे कायदा २०१७ मध्ये रद्द केला. आपण नव्वद वर्षं थांबायचं कारण नाही.

वाचकांनाही एक सांगणं आहे. शहरात कुठे तिकीट लावून त्रयी वाजवत असेल तर शनिवारच्या गर्दीत न जाता मधल्या वारी जा, पुढे बसा, फोन खिशात ठेवा. आणि मुलांकडे जर्सीला जाणाऱ्या आईबाबांनी नायगरा उरकला की एक सोमवार राखून ठेवावा. १९६६ पासून दर सोमवारी व्हॅनगार्डच्या त्या तळघरात सोळा वादकांचा ताफा वाजवतो, आणि जर्सीहून येणारी पाथ गाडी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर थांबते.