आधी वारा, मग तोरा

"ताई, हे डबडं गार करायचंय का सजवायचंय? आधी ते सांगा."

फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या मामांनी असं विचारलं तेव्हा मी आणि माझी रूममेट एकमेकींकडे बघतच राहिलो. आमच्या हातात तिच्या कॉम्प्युटरचं रिकामं कॅबिनेट होतं. जुनं, काळं, जेमतेम नऊ लिटरचं. मी घाईघाईने म्हणाले, "दोन्ही." मामांनी कॅबिनेट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मग आधी गार करू. पैसे उरले तर सजवू."

मित्र-मैत्रिणींनो, मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. पण मामांच्या एका वाक्यात मॅगझिनची दोन पानं भरत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. फाइल म्हणजे कागद लावायची वस्तू, एवढंच मला माहीत. लोखंडाची धार मारायच्या फाइलला मराठीत कानस म्हणतात हे मी विसाव्या वर्षी, त्या दुकानात शिकले. तेव्हा लेखात मराठी अडखळली तर सांभाळून घ्या.

तर गोष्ट अशी. माझी रूममेट मेकॅनिकलची. तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड घेऊन निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात. एका सीझननंतर त्यांनी तिच्या हातात पैसे ठेवले आणि तिने सेकंडहँड ऑफिस कॉम्प्युटर घेतला. लहान कॅबिनेट मुद्दामच निवडलं. सुट्टीत गावी न्यायचं तर एसटीत मांडीवर बसलं पाहिजे ना!

मार्चमध्ये सबमिशन जवळ आलं आणि मशीन रुसलं. सिम्युलेशन लावलं की अर्ध्या तासात आधी मंद व्हायचं, मग धाडकन बंद. आम्ही जे सगळे करतात ते केलं. व्हायरस समजून फॉरमॅट मारला. फरक शून्य. मग उघडून आतली धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. थोडा फरक पडला, पण दुपारी दोननंतर पुन्हा तेच. शेवटी तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाकला. खोलीत ३८ अंश, प्रोसेसर ९७ अंश! बहुतेक प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचले की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर यंत्र बंद करतात. बिचारं यंत्र बिघडलेलं नव्हतंच. ते गुदमरत होतं.

आता यात चूक कोणाची? मला वाटतं, चूक यंत्र बनवणाऱ्याची कमी आणि न विचारता वापरणाऱ्यांची, म्हणजे आपली, जास्त. अशा ऑफिस कॉम्प्युटरच्या माहितीपत्रकात साधारणपणे लिहिलेलं असतं की भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंत असावी. ते एसीच्या ऑफिसात बसायला जन्माला आलं आहे. आपल्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. पंखा बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा कुठून आणणार? बाहेर एक अंश वाढला की आतही साधारण एक अंश वाढतो. म्हणजे दुसऱ्याच्या खोलीसाठी बेतलेला सदरा आपण घातला आहे आणि घाम येतो म्हणून कुरकुरतो आहोत.

थोडं गणित करू. (घाबरू नका, व्हायवाला विचारणार नाही.) यंत्र १५० वॉट उष्णता टाकत असेल आणि आत शिरलेली हवा बाहेर पडताना दहाच अंश तापावी असं वाटत असेल, तर मिनिटाला सुमारे साडेआठशे लिटर हवा आरपार गेली पाहिजे. कॅबिनेट नऊ लिटरचं. म्हणजे आतली सगळी हवा मिनिटाला नव्वदहून अधिक वेळा बदलायची! आणि तिला आत यायला वाट काय, तर पुढच्या चकचकीत प्लॅस्टिकमागे चार फटी. हीट ट्रान्सफरच्या पेपरात हे सूत्र आम्ही दोघींनीही पाठ करून लिहिलं होतं. टेबलावरच्या डब्याला ते लावून बघावं असं एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. याची मात्र लाज वाटली.

उष्णता काही नाहीशी होत नाही, ती फक्त एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकायची असते. हे समजायला परदेशात जायला नको. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जाताना थर्मलचे ते कमरेत बारीक कुलिंग टॉवर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांचं काम हेच. आत तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. टॉवरचा तो डौल कोणी नटवण्यासाठी दिलेला नाही. त्या आकारात कमी सामानात उंच आणि मजबूत भिंत उभी राहते म्हणून तो तसा आहे. आणि थंड करायचं साधन संपलं की काय होतं तेही परळीनेच दाखवलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणी मिळेना, तेव्हा हजार मेगावॉटच्या वरचं ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा असूनही! तिथे आपल्या डबड्याची काय कथा?

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं घ्या. मातीचं जाड छत आणि त्यात वर ठेवलेला झरोका. चुलीचा धूर आणि गरम हवा वरून निघून जाते. रूममेट म्हणाली, "आमच्या आज्जीच्या घराला वरून भोक आहे, ह्या डब्याला का नाही?" आमचं डिझाइन तिथेच ठरलं. खालून आत, वरून बाहेर.

मग काम सुरू केलं. बाजूच्या पत्र्यावर, खालच्या भागात, १२० मिलिमीटरचा पंखा बसवायचा. १२०च का? कारण पंख्याची हवा त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८०चा पंखा जेवढी हवा देतो तेवढी १२०चा साधारण एक तृतीयांश वेगात देतो. वेग कमी म्हणजे आवाज कमी, आणि रात्री दोनला शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडत नाहीत. आत जागा नव्हती म्हणून पंखा बाहेरून लावला. मामांनी गोल भोक पाडलं आणि मग ग्राइंडर बाजूला ठेवून कानस आमच्या हातात दिली. "कडा तुम्ही घासा. हात कापला की ध्यानात राहतं." हात कापला. ध्यानात राहिलं.

वरच्या पत्र्याला भोकं कशी पाडायची यावर मात्र वाद झाला. मी वहीच्या चौकटीसारख्या सरळ ओळी आखल्या होत्या. रूममेटने त्या खोडल्या आणि रांगोळीचे ठिपके काढले. ९ ते ५, मधले ठिपके. दोन ठिपक्यांच्या मध्ये खालचा ठिपका. मला वाटलं नटवतेय. मग हिशोब केला. सहा मिलिमीटरची भोकं आठ मिलिमीटर अंतरावर सरळ ओळीत पाडली तर ४४ टक्के जागा मोकळी होते. मधल्या ठिपक्यांनी तीच ५१ टक्के होते. दोन भोकांमधला पत्रा तेवढाच राहतो, ताकदही राहते. अशा दोन रांगोळ्या शेजारी शेजारी, प्रत्येकी ६१ भोकं, एकूण १२२. आता ते कॅबिनेट बघायला दुसऱ्या मजल्यावरच्या मुली येतात आणि म्हणतात, "अय्या, किती छान दिसतंय!" पण ते छान दिसावं म्हणून केलेलंच नाही. मला वाटतं, म्हणूनच ते छान दिसतं.

याच्या उलट काय होतं तेही जगाने पाहिलं आहे. ॲपलसारख्या कंपनीने १९८० मध्ये ॲपल थ्री काढला तो पंख्याशिवाय. का, तर आवाज नको आणि रूप बिघडायला नको. आतल्या चिपा सैल व्हायला लागल्या आणि ग्राहकांना सल्ला दिला गेला की यंत्र थोडं उचला आणि टेबलावर सोडा! २०१३ मध्ये त्याच कंपनीने नळकांड्यासारखा देखणा मॅक प्रो आणला आणि २०१७ मध्ये त्यांच्याच अधिकाऱ्यांनी कबूल केलं की त्या आकारामुळे उष्णतेच्या बाबतीत आपण कोपऱ्यात अडकलो. एवढे हुशार लोक फसतात, तर पुढे सलग काच आणि आत सात रंगांचे दिवे बघून आपण कॅबिनेट घेतो त्यात नवल काय! दिव्यांना माझा विरोध नाही. पण काचेमागचा पंखा हवा ओढणार कुठून, हे दुकानदाराला एकदा विचारा.

आमच्या कामात सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात हीटसिंक काळ्या मातीने माखला. जितका वारा जास्त तितकी धूळ जास्त, हे आम्ही विसरलो होतो. मग पंख्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली. हवा बाहेर ओढण्यापेक्षा आत ढकलायची जास्त, म्हणजे फटींमधून धूळ शिरत नाही, जाळीतूनच हवा येते. जाळीमुळे दोन अंश गमावले. ते मान्य केले. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची. खोलीतल्या कुलरच्या झोतासमोर मात्र यंत्र ठेवू नका, त्या हवेतला ओलावा आणि पाण्याचे तुषार त्याला मानवत नाहीत. शेवटी ३८ अंशांच्याच खोलीत प्रोसेसर ७९वर थांबला. सबमिशन वेळेत झालं.

कोणी करणार असेल तर तीन गोष्टी. पत्रा कापण्याआधी आतलं सगळं बाहेर काढा, लोखंडाचा एक कण मदरबोर्डवर राहिला तर संपलं. कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग मारा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज. आणि एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठलेला असू शकतो.

"एवढी खटपट कशाला, लॅपटॉप घे की" असं मला बरेच जण म्हणाले. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर घ्यावा. पण ज्या मशीनमागे दोन माणसांच्या एका सीझनचा घाम आहे, ते "जुनं आहे, टाकून दे" म्हणणं मला जमत नाही. आणि उद्या आपण कारखान्यात जाऊ तेव्हा तिथलं प्रत्येक तापलेलं यंत्र नवीन घ्या म्हणून सांगणार आहोत का?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सर-मॅडमसाठी आहे. रागावू नका. हे काम आम्ही बाहेरच्या दुकानात केलं, कारण आपल्या वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकलच्या तासाशिवाय ड्रिल हातात मिळत नाही. अर्ज केला तर कारण विचारतात, आणि 'स्वतःच्या कॅबिनेटला भोकं पाडणे' हे कारण कोणाला पटत नाही. शिस्त हवी, सुरक्षितता हवी, हे मान्य. म्हणूनच विनंती आहे की शनिवारी दुपारी दोन तास, एका सरांच्या देखरेखीखाली, वर्कशॉप उघडं ठेवावं. स्टोअरमध्ये धूळ खात पडलेली जुनी कॅबिनेट सरावासाठी द्यावीत. बिघडली तरी भंगारातच जाणार आहेत. ज्यांनी वर्गात सूत्र शिकवलं त्यांच्यासमोरच ते पत्र्यावर उतरवायला आम्हाला आवडेल.

मे महिन्यात रूममेट मशीन घेऊन गावी गेली. एसटीत खरंच मांडीवर घेऊन. तिचा फोन आला. पत्र्याच्या खोलीत दुपारी ८५ दाखवत होतं, पण बंद पडलं नाही. तिच्या आईने वरच्या भोकांवर हात धरून गरम वारा बघितला आणि म्हणाली, "रांगोळी चांगली काढलीस, पण बंद करताना वर फडकं टाकत जा, पाल शिरंल."

हे आम्हाला सुचलंच नव्हतं. फडकं आता आहे. वर्कशॉपचं काय ते बघा!