पाच माणसं कुणाच्या खात्यावर?



पैसेवारी कशी काढतात हे कापूस-ज्वारीवाल्याला शिकवायला नको. दोन-चार तुकड्यांतलं पीक कापायचं, त्यावरून साऱ्या गावाचा अंदाज बांधायचा. थोड्या किरणोत्सर्गानं कॅन्सर किती होतो, हा हिशेबही अंदाजाचाच आहे. खोडाळ्याच्या लोकांनी तो समजून घ्यावा, कारण याच पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झाली.

मोठ्या माऱ्याबद्दल वाद नाही. १९४५ च्या बॉम्बमधून हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या नोंदी सांगतात, की १०० मिलिसिव्हर्टच्या वर कॅन्सर वाढतो. त्याखाली आकडे धूसर होतात. म्हणून तज्ज्ञांनी तिथून शून्यापर्यंत सरळ रेघ ओढली : मारा निम्मा, धोका निम्मा.

अणुभट्टीमुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मारा बसू नये, असा नियम आहे. एक लाख माणसांना तेवढा मारा बसला, तर या रेघेप्रमाणे त्यांतले सुमारे ५ जण पुढेमागे कॅन्सरनं जादा मरतील. आपल्या देशात नवांतल्या एकाला आयुष्यात कॅन्सर होतोच, म्हणजे लाखात अकरा हजार. त्या गर्दीत हे पाच कोण शोधणार?

केरळात करुनागपल्लीच्या वाळूतच किरणोत्सर्ग आहे. तिथल्या सुमारे सत्तर हजार लोकांच्या २००९ च्या अहवालात वाढ आढळली नाही. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुकामगारांच्या २०२३ च्या अहवालात मात्र थोड्या माऱ्यानंही वाढ आढळली.

म्हणून गावातला प्रत्येक कॅन्सर तारापूरच्या माथी मारू नका. ते खोटं ठरेल आणि आपलाच दावा बुडेल. पण "दिसत नाही, म्हणजे नाहीच" हे सरकारी गणितही मान्य करू नका. पैसेवारीत शंकेचा फायदा तिजोरीला आणि अणुभट्टीत शंकेचा फायदा भट्टीला, हा कुठला न्याय? शंकेचा फायदा धोका सोसणाऱ्याला मिळाला पाहिजे.

आपली मागणी साधी आहे. मोजमाप भट्टीवाल्यांखेरीज दुसऱ्यानंही करावं. ठेकेदाराच्या मजुराला बसलेल्या माऱ्याची नोंद त्याच्या हातात द्यावी. कॅन्सरची नोंद गावनिहाय ठेवावी आणि ग्रामसभेत वाचावी. रेघ खोटी ठरली तर आनंदच आहे. पण हिशेब आमच्यासमोर झाला पाहिजे.