‘ओल्ड’ म्हणजे नेमके कोण?

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेली एसटी आंबेनळी घाट चढत होती. वाहकाने पुढच्या बाकावरच्या आजींना विचारले, “सीनियर ना?” आधार कार्ड पुढे करीत आजी म्हणाल्या, “म्हातारी हाय बाबा, म्हातारी!” पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे तिकिटाच्या हिशेबात दोन्ही शब्दांचे मोल सारखेच. भाषेच्या हिशेबात मात्र तसे नाही.

हा घाट जिथे नेतो तिथेच ‘ओल्ड महाबळेश्वर’ हे नाव पर्यटकांच्या तोंडी असते. गावाचे नाव क्षेत्र महाबळेश्वर. १८२०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने शेजारी नवी वसाहत, माल्कम पेठ, उभी राहिली आणि मूळ क्षेत्र ‘ओल्ड’ ठरले. गाव थकले नव्हते. शेजारी नवे आले होते, इतकेच.

इंग्रजीत ‘ओल्ड’समोर ‘न्यू’ही उभे राहते आणि ‘यंग’ही. मराठी हे दोन संसार वेगळे ठेवते. घर जुने होते, माणूस म्हातारा होतो. आपण एखाद्याला ‘जुनं माणूस’ म्हणतो तेव्हा त्याच्या सुरकुत्या मोजत नाही, त्याचे जाणतेपण मान्य करतो. अनुवादकाची खरी कसोटी इथे लागते. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा अनुवाद करताना पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ हे नाव दिले. मूळ शीर्षकात वय आहे, व्यवसाय नाही. मराठी शीर्षकात व्यवसाय आहे, वय नाही. ‘म्हातारा’ हा शब्द हाताशी असताना तो शीर्षकात आला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

वास्तविक ‘म्हातारा’ हा शब्द कुळाने हलका नाही. त्याचे मूळ संस्कृत ‘महत्तर’, म्हणजे अधिक मोठा. प्राचीन ताम्रपटांत गावच्या प्रमुखांना ‘महत्तर’ म्हटलेले आढळते आणि रायगडात पदोपदी भेटणारे म्हात्रे हे आडनावही त्याच मुळाशी जोडले जाते. ‘सीनियर’ हे लॅटिनमधले असेच तुलनादर्शक रूप, म्हणजे वयाने अधिक. तेच फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन ‘सर’ झाले. वर्गात आपण रोज ज्यांना ‘सर’ म्हणतो, त्यांना व्युत्पत्तीने वडीलधारेच म्हणत असतो!

मग एक शब्द सन्मानाचा आणि दुसरा उणा का? शब्द आपोआप झिजत नाही. त्याला झिजवते ती वापरणाऱ्याची नजर. २००७ च्या कायद्याने साठी पूर्ण केलेल्यांना ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हटले, ते योग्यच. कायद्याला नेमकी मर्यादा लागते. साहित्यव्यवहाराला तशी सक्ती नाही. तरीही आपण लेखकाच्या नावामागे ‘ज्येष्ठ’ लावतो, शाल-श्रीफळ देतो आणि पुष्कळदा त्याच दिवसापासून त्याचे नवे लेखन गंभीरपणे तपासणे थांबवतो. हा आदर नव्हे, ही सभ्य निवृत्ती आहे. नजर हीच राहिली तर ‘ज्येष्ठ’ हा शब्दही उद्या ‘म्हातारा’च्या वाटेने जाईल आणि आपण पुन्हा नव्या शब्दाच्या शोधात निघू.

आजी वाडा कुंभरोशीला उतरल्या. त्यांनी स्वतःसाठी निवडलेला शब्द आपल्याला ओशाळवाणा वाटत असेल, तर उणेपण शब्दात नाही, आपल्या कानात आहे.