लिहिलं तर अडकू?

यंदाच्या आनंद मेळ्याची सगळी तयारी नववीच्या मुलामुलींनी अंगावर घेतली होती. खाऊचे स्टॉल, खेळ आणि शेवटी वरच्या हॉलमध्ये छोटासा मुशायरा. मी त्यांना कोरा कागद दिला. म्हटलं, "काय काय बिघडू शकतं ते लिहा. आणि ते बिघडू नये म्हणून कोण काय करणार, त्याचं नावही पुढे लिहा."

अर्ध्या तासात अकरा गोष्टी निघाल्या. भज्यांच्या स्टॉलचा सिलिंडर वर्गाच्या एकुलत्या एका दाराशी ठेवायचं ठरलं होतं. लाऊडस्पीकरची वायर येण्याजाण्याच्या वाटेवर होती. एका मुलीने लिहिलं, "जिना एकच आहे. मुशायरा संपल्यावर सगळे एकदम उतरतील."

तो कागद घेऊन मी वरिष्ठांकडे गेले. उत्तर मिळालं, "टीचर, लिख के रखोगे तो फँसोगे. पालकांचं संमतीपत्र घेतलंय ना, बस झालं."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

संमतीपत्रात काय असतं? काही झालं तर शाळा जबाबदार नाही, एवढंच. त्यात ना जिना असतो, ना सिलिंडर. तो कागद मुलाला वाचवण्यासाठी नसतोच, तो आपल्याला वाचवण्यासाठी असतो. आणि तेही काम तो करत नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पालकाच्या सहीने गुन्हा पुसला जात नाही.

२५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच भरवलेला टेक फेस्ट होता. गाण्याचा कार्यक्रम, खुलं सभागृह, आत उतरणाऱ्या पायऱ्या. पाऊस आला, बाहेरची गर्दी आत घुसली आणि त्या पायऱ्यांवर चार जीव गेले. आमच्या नववीच्या मुलीने जे लिहिलं, ते इतकं मोठं असतं.

आणि मुरूड आपण विसरलो का? १ फेब्रुवारी २०१६. पुण्याच्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल. चौदा मुलंमुली समुद्राने नेली. आपल्याच घरांतली. त्यानंतर मी माझ्या आसपास एकच धडा ऐकला: मुलींना पाठवूच नका. ओहोटीची वेळ बघा, किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा, पाण्यात कोण उतरणार आणि काठावर नजर कोण ठेवणार ते ठरवा, असं कुणी म्हणालं नाही. अर्नाळा, कळंब, राजोडीचा किनारा ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनीही नाही. धोका मोजायचा कंटाळा आपण करतो आणि त्याची किंमत मुली घरी बसून मोजतात.

काहीजण म्हणतील, जे नशिबात असेल ते होईल. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. मग शाळेचा उंट मोकळा का?

शिक्षक म्हणतील, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, त्यात हा आणखी एक फॉर्म? रास्त तक्रार आहे. नुसता फायलीत जाणार असेल तर तो फॉर्म फाडून टाका. पण मुलांनी स्वतः भरलेल्या कागदाला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास अभ्यासच आहे.

मेळा झाला. सिलिंडर मैदानात गेला, वायर भिंतीवरून गेली. जिन्यावर चार मुलं उभी राहिली आणि एकेक वर्ग खाली उतरला. कागदावर सगळ्यात वर माझी सही आहे. फसायचंच असेल तर मी त्या सहीने फसेन, मुलाच्या मय्यतीला उभं राहून नाही.

पालकहो, पुढच्या वेळी संमतीपत्र घरी आलं की सही करण्याआधी शाळेला एवढंच विचारा: काय बिघडू शकतं ते लिहिलेला कागद कुठे आहे, आणि त्यावर कुणाची नावं आहेत?