वेंगुर्ला रॉक्सना वाली हवा

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, यांस



निवतीच्या किनाऱ्याहून डॉल्फिन बघायला निघालेले पर्यटक समोर वेंगुर्ला रॉक्सवरच्या दीपगृहाकडे बोट करून हमखास विचारतात, ‘तिथे उतरता येईल का?’ दर्या शांत असला की होडीवाल्याला नाही म्हणणं जड जातं. दोष त्याचा नाही. नाही म्हणायला त्याच्या पाठीशी नियम हवा आणि तो तुम्ही करावा, म्हणून हे पत्र.

वेंगुर्ला रॉक्स म्हणजे भर समुद्रातला खडकाळ बेटांचा पुंजका. उभे कडे, पायथ्याशी आपटणाऱ्या लाटा आणि कड्यांच्या पोटात गुहा. त्या काळोखात भारतीय पाकोळी घरटं करते. चिमणीहूनही हलका हा पक्षी टिकटिक आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवर अंधारात नेमकी आपली जागा गाठतो. घरटं त्याच्या लाळेचं. लाळ वाळली की कातळाला चिकटलेली पांढुरकी, उथळ वाटी तयार होते. तिच्यात एक किंवा दोन अंडी. पूर्व आशियात अशा घरट्यांचं सूप करतात, म्हणून चोरांचा डोळा त्यांच्यावर.

हुमायूं अब्दुलअलींनी १९४२ मध्येच इथल्या पाकोळ्यांवर आणि सुरय पक्ष्यांवर लिहिलं होतं. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरट्यांची चोरी उजेडात आणली आणि स्थानिकांच्या मदतीने राखण सुरू केली. एका संस्थेने किती वर्षं खिंड लढवायची?

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. रॉक्स त्याच्या हद्दीबाहेर आहेत. पण ती हद्द इथवर ताणा, असं मी म्हणणार नाही. मालवणात मच्छीमारांचा विश्वास कमावला गेला नाही आणि त्यांचा विरोध पुढे वर्षानुवर्षं धुमसत राहिला. इथे आधी त्यांच्याशी बोला. मासेमारीला हात लावू नका. विणीच्या काळात बेटांवर उतरणं आणि गुहांत शिरणं तेवढं बंद करा. होडी लांब उभी करून दुर्बिणीतून दाखवता येईल. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्हं मारत कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात, त्यावर चार पैसे मिळवतात. निवतीच्या होडीवाल्यांनाही असं प्रशिक्षण द्या.

पाकोळ्यांची वीण उन्हाळ्यात, ऐन पर्यटनाच्या दिवसांत असते. त्याआधी बंदीचा आदेश काढावा आणि त्याचा मराठी फलक निवतीच्या किनाऱ्यावर व वेंगुर्ले बंदरात लावावा, ही विनंती.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक रहिवासी