गुडघ्याचे लिगामेंट तुटले : ग्राफ्ट कोणता घ्यावा?

"डॉक्टर, एसीएल तुटलंय, ऑपरेशन ठरलंय. ग्राफ्ट कुठला चांगला?" एमआरआयचा रिपोर्ट पुढे करून हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी फिजिशियन आहे, शस्त्रक्रिया माझे काम नाही. पण ऑपरेशनआधीची तपासणी आणि नंतरच्या तक्रारी माझ्याकडेच येतात, म्हणून माझे मत सांगतो.

तुटलेले एसीएल टाके घालून सहसा टिकाऊ जुळत नाही. म्हणून त्या जागी दुसरी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवतात. बहुतेकदा ती तुमच्याच शरीरातून घेतात.

आपल्याकडे हॅमस्ट्रिंगचा वापर जास्त होतो. मांडीच्या मागच्या दोन कंडरा काढून, दुमडून चारपदरी करतात. दुसरा पर्याय म्हणजे वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा, दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह. हाडाला हाड लवकर धरते, साधारण 6 आठवड्यांत. तरुण खेळाडूंमध्ये हा ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचे प्रमाणही हॅमस्ट्रिंगपेक्षा थोडे कमी दिसते. पण गुडघा टेकला की पुढून दुखते, काहींना वर्षानुवर्षे.

खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. माझे एक पेशंट फरशी बसवण्याचे काम करतात. त्यांना वाटीखालचा ग्राफ्ट घातला. गुडघा आज भक्कम आहे, पण टेकवत नाही. तुमचे काम काय, हे ऑपरेशनआधी त्यांना कोणीच विचारले नाही. फिटनेसच्या कागदावर सही माझी होती. मीही विचारले नाही. नमाज पढणारे, पूजेला गुडघ्यावर बसणारे यांनीही हे आधी सांगायलाच हवे. माझ्या मते अशांना हॅमस्ट्रिंग बरा. कबड्डी-फुटबॉल खेळणाऱ्या विशीतल्या मुलासाठी मात्र वाटीखालचा ग्राफ्ट आधी विचारात घ्यावा. हॅमस्ट्रिंग काढल्यावर पूर्ण वाकवलेल्या गुडघ्याची ताकद थोडी कमी होते, हेही अशा खेळाडूला माहीत असावे.

वाटीच्या वरची क्वाड्रिसेप्स कंडरा जाड असते आणि पुढचे दुखणे त्यात कमी. सर्जनचा हात त्यावर बसलेला असेल तर चांगला पर्याय. मृत दात्याची कंडरा तरुणांमध्ये जास्त वेळा तुटते, तिथे मी नकोच म्हणेन.

आता खरी काळजीची गोष्ट. बसवलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या रक्तवाहिन्या शिरून ती पुन्हा जिवंत होईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन महिने, ती सर्वात कमकुवत असते. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते आणि लोक फिजिओथेरपी सोडतात! 9 महिन्यांआधी मैदानात उतरू नका, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद मोजून घेतल्यावरच.

सर्जनकडे जाताना तुमचा गुडघा दिवसभर काय काय करतो ते कागदावर लिहून न्या. जमिनीवर बसणे, शिडी, दुचाकीची किक, सगळे. आणि ते स्वतः कोणता ग्राफ्ट जास्त वेळा करतात, तेही मोकळेपणाने विचारा.