तेलाचा प्रयोग आणि गाठीची सुई

7 नोव्हेंबर हा राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन. दुसऱ्याच दिवशी डॉ. कमल रणदिवे यांची जयंती असते. 1917 साली पुण्यात जन्मलेल्या कमलताईंनी पदव्युत्तर अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा. पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे वळल्या आणि पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवणारी देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. झाडाची पेशी आणि गाठीची पेशी, दोन्ही त्यांनी पाहिल्या होत्या. वनस्पतींची तेले आणि कर्करोगाचा फैलाव यांवरच्या बातम्या रोज मोबाइलवर येत असताना त्यांची आठवण काढावी ती याच कारणासाठी.

सातारा-सांगलीला हा विषय परका नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या साठवलेल्या या हळदीत कुरकुमिनखेरीज एक उडनशील तेलही असते. हळद, तुळस, गवती चहा यांची अशी तेले वाफेच्या साहाय्याने काढायची आणि कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहायची, हे काम आज महाविद्यालयांतही होते. फैलाव पाहण्याची एक पद्धत अगदी साधी आहे. बशीच्या तळाशी पेशींचा सलग थर वाढवतात, त्यावर बारीक टोकाने एक ओरखडा काढतात आणि दोन्ही काठांच्या पेशी सरकून ती फट किती तासांत बुजवतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तेल घातल्यावर फट उशिरा बुजली, तर पेशींची हालचाल मंदावली असे समजायचे.

हे ज्ञान मोलाचे आहे. पण बशीत यकृत नसते, रक्त नसते, पचनही नसते. तिथे तेलाची जी मात्रा पेशीला थेट मिळते, ती तोंडावाटे घेऊन गाठीपर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. कुरकुमिनच आतड्यातून फार कमी शोषले जाते. शिवाय पेशी तर साबणाच्या पाण्यानेही मरतात. म्हणून निरोगी पेशींचे त्याच मात्रेत काय झाले, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. ‘हळदीच्या तेलाने कर्करोग रोखला’ अशा मथळ्याखाली तो क्वचितच विचारला जातो, आणि यात आम्हा वृत्तपत्रांची जबाबदारी मोठी आहे.

खाद्यतेलाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. गाठीतून सुटलेल्या बहुतेक पेशी रक्तात किंवा नव्या जागी मरून जातात. ज्या थोड्या तगतात त्यांना इंधन लागते. बार्सिलोनाच्या साल्वादोर अझनार बेनिता यांच्या गटाला 2017 मध्ये दिसले, की फैलाव घडवणाऱ्या काही पेशी सीडी-36 नावाच्या प्रथिनाच्या मदतीने चरबी आत ओढतात. 2021 मध्ये त्यांनी आणखी पुढचे दाखवले. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी घातलेल्या उंदरांमध्ये पाल्मिटिक आम्लाने फैलाव वाढला, आणि आहार बदलल्यावरही पेशींनी ती सवय सोडली नाही. हे आम्ल पामतेलात साधारण 40 ते 45 टक्के असते, गोडेतेलात जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास. त्याच प्रयोगात करडईत मुबलक असणाऱ्या लिनोलेइक आम्लाने फैलाव वाढला नाही.

हे वाचून करडईवाला सुखावेल, तोच 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल संस्थेतून दुसरे संशोधन आले. स्तनाच्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारच्या कर्करोगात हेच लिनोलेइक आम्ल एका प्रथिनाला चिकटून पेशींच्या वाढीची यंत्रणा चालू करते, असे त्यात आढळले. स्तनाच्या इतर प्रकारांत तसे झाले नाही. दोन्ही प्रयोग खरे आहेत. कर्करोग वेगळा, पेशी वेगळी, म्हणून उत्तर वेगळे. माणसांच्या मोठ्या पाहण्यांत आहारातले लिनोलेइक आम्ल आणि स्तनाचा कर्करोग यांचा स्पष्ट संबंध दिसलेला नाही, हेही त्याच्याच शेजारी ठेवून वाचायला हवे.

फलटणला बी. व्ही. निंबकरांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने बिनकाट्याची करडई तयार केली. माण, खटाव, जतच्या कोरडवाहू रानात ज्वारीच्या कडेने, जनावरे आत शिरू नयेत म्हणून काटेरी करडई पेरण्याची रीत आहे. वाइल कॉर्नेलच्या एका प्रयोगाच्या जोरावर या पिकाला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. आणि बार्सिलोनाच्या प्रयोगावरून घाण्याच्या डब्यावर ‘कर्करोगरोधक’ अशी चिठ्ठी लावणे, ही फसवणूक.

या गोंधळाची किंमत रुग्ण मोजतो. ‘गाठीला सुई लावू नका, पसरेल’ हा समज आमच्या गावांत अजून घट्ट आहे. बायोप्सीमुळे, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा नमुना काढल्याने, रोग पसरण्याचा धोका बहुतेक गाठींत अगदी नगण्य असतो, आणि तिच्याशिवाय नेमके उपचार ठरत नाहीत. तरी माणूस कुणीतरी सांगितलेले तेल पीत, चोळीत महिने घालवतो, आणि जो फैलाव टाळायचा होता तो त्या महिन्यांत होतो. पहाटे चुलीपुढे बसून मशेरी लावणाऱ्या बाईला तेल बदलायचा सल्ला सगळे देतात. त्या मशेरीतल्या भाजलेल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे मात्र तिला कुणी सांगत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. मशेरी तर घरोघरी तव्यावरच भाजली जाते.

तेलाच्या प्रश्नाचे माणसांतले उत्तर शोधायचे असेल, तर त्यासाठी लागणारे जवळपास सगळे सातारा-सांगलीतच आहे. फलटणला करडईचे वाण, सांगलीला हळद, गावोगावी घाणे, दुकानादुकानांत पामतेल, आणि कराड-मिरजेच्या रुग्णालयांत तोंडाच्या व स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात संशोधनासाठी पेशींचा साठाही आहे. रुग्णालयांनी नोंदीच्या कागदावर एक रकाना वाढवावा: घरात कोणते तेल, महिन्याला किती, किती वर्षांपासून. मशेरी-तंबाखूचा रकाना त्याच्या आधी असावा. रुग्णाच्या संमतीने गाठीचा नमुना जपावा, पाच-दहा वर्षे त्याचा पाठपुरावा करावा, आणि विद्यापीठांनी बशीतल्या प्रयोगांइतकाच पैसा या कंटाळवाण्या नोंदींनाही द्यावा.